प्लॅन क्यूएमध्ये थ्रीडी डोस आपण खरंच मोजतो का? जेल करून बघण्यात अर्थ आहे का?

नवखा_फिजिसिस्ट

नमस्कार मंडळी. मेडिकल फिजिक्सची इंटर्नशिप चालू आहे, रोजचं काम म्हणजे कॅन्सरच्या रेडिएशन ट्रीटमेंटमधल्या व्हीमॅट प्लॅन्सचं (मशीन पेशंटभोवती फिरत बीम देतं ते) पेशंट-स्पेसिफिक क्यूए, म्हणजे पेशंटला देण्याआधी त्याचा प्लॅन मशीनवर तपासणं. पद्धत तुम्हाला माहितीच आहे, प्लॅन सिलिंडर फॅन्टमवर (पेशंटच्या जागी ठेवायचा प्लॅस्टिकचा नमुना) परत कॅल्क्युलेट करायचा, मशीन मोकळं झालं की फॅन्टम काउचवर चढवायचा, बीम चालवायचा, सॉफ्टवेअर गॅमा (हिशेबातला आणि मोजलेला डोस किती जुळतो त्याचा आकडा) काढून देतं, ९७-९८ टक्के पॉइंट पास आले की रिपोर्टवर सही आणि पुढचा पेशंट. इथपर्यंत ठीक आहे. पण आमच्या सॉफ्टवेअरला एक मॉड्यूल जोडलेलं आहे, ते पेशंटच्या सीटीवर चक्क 'मोजलेला थ्रीडी डोस' दाखवतं, डीव्हीएचसकट (कुठल्या अवयवाच्या किती भागाला किती डोस, त्याचा ग्राफ). आता आमच्या फॅन्टमचे सगळे डायोड (डोस मोजणारे छोटे सेन्सर) सिलिंडरच्या कडेला गोल बसवलेत, मध्ये तर काहीच नाही, मग मधला डोस आला कुठून? सिनियरना विचारलं तर म्हणाले सॉफ्टवेअर काढतं. काढतं म्हणजे मोजलेला नाहीच की! मग त्याला मेझर्ड का म्हणायचं?

दुसरी गोष्ट जास्त खटकली. दोन प्लॅन होते, दोन्हींचा पासिंग रेट जवळपास सारखा. एकात फेल झालेले पॉइंट इकडेतिकडे विखुरलेले, दुसऱ्यात सगळे एका पट्ट्यात, आणि तो पट्टा स्पायनल कॉर्डच्या बाजूचा. रिपोर्टवर आकडा सारखा, दोन्ही पास. हे कसं काय चालतं कुणी सांगेल का.

आता खरा प्रश्न. प्रोजेक्टसाठी मला पॉलिमर जेल डोसिमेट्री करायचीये, म्हणजे डोस खरोखर व्हॉल्यूममध्ये मोजायचा, एमआरआयवर वाचायचा. आमच्याकडे १.५ टेस्लाचं मशीन आहे आणि रविवारी ते रिकामं असतं. गाइड म्हणतात जेल हा मेलेला विषय आहे, वीस-तीस वर्षं लोक पेपर काढतायत आणि क्लिनिकमध्ये कुणी वापरत नाही, त्यापेक्षा ईपीआयडीवर (बीमची इमेज घेणारं मशीनवरचं पॅनेल) काम कर. खरंच असं आहे का? ज्यांनी हाताने जेल केलंय त्यांनी प्लीज सांगा, पुस्तकातलं मी वाचलंय.

बीम_ऑन

प्रश्न चांगला विचारलास आणि सिनियरने दिलेलं उत्तर चुकीचं नाहीये, अपुरं आहे एवढंच. बाजारात ज्यांना थ्रीडी किंवा फोरडी म्हणून खपवतात ती जवळपास सगळी उपकरणं एखाद्या पृष्ठभागावर किंवा प्लेनवर मोजतात आणि बाकीचं गणिताने भरतात. आर्कचेक घे, त्यात १३८६ डायोड आहेत, २१ सेमी व्यासाच्या सिलिंडरवर सर्पिल मांडलेले, एकमेकांपासून १ सेमीवर. डेल्टाफोरमध्ये १०६९ डायोड, दोन एकमेकांना छेदणाऱ्या प्लेन्सवर, मधल्या भागात ५ मिमी अंतर आणि बाहेर १० मिमी. ऑक्टेव्हियसमध्ये अ‍ॅरे एकच पण फॅन्टम गँट्रीबरोबर (मशीनचा फिरणारा हात) फिरतो, म्हणजे चेंबर्सचं (हेही डोस मोजणारे सेन्सरच) प्लेन कायम बीमला काटकोनात, मग आधी मोजून ठेवलेले पीडीडी (खोलीप्रमाणे डोस कसा बदलतो त्याचे ग्राफ) वापरून त्या प्लेनच्या मागेपुढे डोस पसरवतात आणि व्हॉल्यूम तयार होतो. (त्यातल्या १५०० नावाच्या अ‍ॅरेत चेंबर प्रत्यक्षात १४०५ आहेत, मार्केटिंगवाल्यांना शून्यं आवडतात.)

तुझं ते पेशंटच्या सीटीवर डोस दाखवणारं मॉड्यूल आहे ना, ते नेमकं कुठल्या जातीचं आहे हे मॅन्युअल उघडून बघ, कारण इथेच सगळी गोम आहे. काही पद्धती टीपीएसचाच (प्लॅन बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचाच) डोस घेतात आणि डायोडवर जेवढा फरक दिसला त्या प्रमाणात त्यात दुरुस्त्या करतात. काही पद्धती मोजलेल्या फ्लुएन्सपासून (बीममध्ये कुठे किती रेडिएशन आहे ते) सुरुवात करून स्वतःच्या वेगळ्या अल्गोरिदमने डोस परत काढतात. पहिल्या जातीत टीपीएसची चूक, समजा फुप्फुसातल्या हवेजवळ तो चुकीचा हिशेब करतोय, ती सीटीवरच्या चित्रात जशीच्या तशी राहू शकते, कारण फॅन्टम एकसंध प्लॅस्टिकचा, तिथे ती चूक दिसलीच नव्हती मग दुरुस्त कशी होणार. दुसऱ्या जातीत निदान दुसरं मत मिळतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण मेझर्ड हा शब्द दोघांनाही तसा मोठाच पडतो.

गॅमाचं बोलायचं तर, १९९८ मध्ये लो आणि सहकाऱ्यांनी तो मांडला तेव्हा दोन डोस डिस्ट्रिब्युशन्सची तुलना करायला सोय म्हणून मांडला. तीव्र ग्रेडियंटमध्ये, म्हणजे डोस पटकन बदलतो तिथे, नुसता डोसफरक बघितला तर १ मिमी सरकल्यावरही भयंकर आकडा येतो, आणि सपाट भागात नुसतं अंतर बघितलं तर उलटी गंमत, म्हणून दोन्ही एकत्र केले, डोसफरक भागिले ३%, अंतर भागिले ३ मिमी, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, एकच्या आत आलं की पास. प्रत्येक पॉइंटला ही किंमत असते. आपण त्या हजार किमती फेकून देतो आणि एकच टक्केवारी ठेवतो, मग तुझ्या दोन प्लॅन्ससारखं होतं. टीजी-२१८ हा अमेरिकन मेडिकल फिजिसिस्ट संघटनेचा २०१८ चा रिपोर्ट नीट वाच, त्यात ३% / २ मिमी, ग्लोबल नॉर्मलायझेशन, १० टक्क्यांच्या वरचाच डोस मोजायचा, ९५% टॉलरन्स आणि ९०% अ‍ॅक्शन लिमिट असं आहे. पण त्याच रिपोर्टात हेही आहे की फेल झालेले पॉइंट कुठे आहेत ते बघा, कुठल्या स्ट्रक्चरमध्ये आहेत ते बघा, गॅमाचं हिस्टोग्राम बघा. लोक ९५ वाचतात आणि पुस्तक बंद करतात. २०११ मध्ये नेल्म्स वगैरेंनी दाखवलं होतं की पासिंग रेट आणि पेशंटमधल्या डोसची महत्त्वाची चूक यांचा संबंध फारच ढिला आहे, म्हणजे चांगला पासिंग रेट असून पॅरोटिडचा (लाळेच्या ग्रंथीचा) मीन डोस चुकलेला असू शकतो आणि उलटही. त्यामुळे तुला खटकलं ते बरोबरच खटकलं, त्या दुसऱ्या प्लॅनमध्ये मी तरी कॉर्डजवळ चेंबर किंवा फिल्म टाकून बघितल्याशिवाय सही करणार नाही.

जेलबद्दल मी हाताने काम केलेलं नाही, तेव्हा ते टीटू_मॅप मॅडमसाठी सोडतो, त्या इथे येतात अधूनमधून.

वाचक_बाहेरचा

माफ करा मध्येच विचारतो, मी या फील्डमधला नाही. वडिलांची रेडिएशन ट्रीटमेंट सुरू होणार आहे, सीटी होऊन आठवडा झाला, तिथले लोक म्हणतात प्लॅन तयार आहे पण आज त्याची मशीनवर तपासणी आहे मग उद्यापासून. हीच का ती तपासणी? आणि इथे तुम्ही म्हणताय की त्यात चुका लपतात, वाचून पोटात गोळा आला हो.

बीम_ऑन

@वाचक_बाहेरचा दादा, हो हीच ती. घाबरू नका, इथे आम्ही भांडतोय ते शेवटच्या दोन-तीन टक्क्यांवर आणि एक-दोन मिलिमीटरवर. मशीनचा आउटपुट रोज तपासतात, महिन्याला वेगळं तपासतात, प्लॅनचा हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरने ताडून बघतात, ट्रीटमेंटआधी टेबलावरच इमेज घेऊन पोझिशन जुळवतात. प्लॅन मशीनवर चालवून बघणं ही त्या साखळीतली एक कडी आहे, ती एकटी सगळा भार उचलत नाही. आठवडा लागला म्हणून चिडू नका, लागतो तेवढा वेळ. काही शंका असेल तर तिथल्या फिजिसिस्टला भेटायचंय म्हणून सरळ सांगा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात.

टीटू_मॅप

आले. जेल मेलेला विषय आहे हे मी पण पहिल्या वर्षापासून ऐकतेय, अजून मरत नाहीये :)

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय अडचणी कळणार नाहीत. फ्रिकेने १९२७ मध्येच फेरस सल्फेटचं द्रावण डोसिमीटर म्हणून दाखवलं होतं, रेडिएशनने फेरस आयनचं फेरिक होतं. १९८४ मध्ये गोर आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की फेरिक झालं की पाण्याच्या प्रोटॉन्सचा रिलॅक्सेशन टाइम बदलतो, म्हणजे हे एमआरआयवर वाचता येईल, आणि जेलमध्ये धरून ठेवलं तर जागाही कळेल. कल्पना भारी पण फेरिक आयन जेलमध्ये सरकत राहतात, तासाला १-२ चौरस मिलिमीटरच्या हिशेबाने, म्हणजे दुपारी बीम दिला आणि रात्री स्कॅन केला तर ग्रेडियंट पसरलेला दिसणार. मग १९९३ च्या सुमारास मारयान्स्की आणि गोर यांच्याच ग्रुपने पॉलिमर जेल आणलं. जिलेटिनमध्ये अ‍ॅक्रिलामाइड आणि बिस हे मोनोमर, जिथे डोस पडेल तिथे मोनोमर जोडले जाऊन पॉलिमर होतो, पॉलिमर जागचा हलत नाही, आणि डोस जास्त तसा तो भाग जास्त दुधाळ. डोळ्याने दिसतो डोस! पहिल्यांदा जारमध्ये आपल्याच प्लॅनचा आकार पांढरा उमटलेला बघणं ही एक वेगळीच मजा आहे, त्याबद्दल वाद नाही.

वाद बाकी सगळ्याबद्दल आहे. पहिला शत्रू ऑक्सिजन. जेलमध्ये विरघळलेला ऑक्सिजन फ्री रॅडिकल खाऊन टाकतो आणि पॉलिमरायझेशन होतच नाही, म्हणून सुरुवातीला नायट्रोजन सोडलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये सगळं करायला लागायचं. २००१ मध्ये मॅजिक जेल आलं, त्यात अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आणि कॉपर घालून ऑक्सिजन बांधून टाकतात, तेव्हापासून साध्या लॅबमध्ये टेबलावर बनवता येतं. आता बहुतेक लोक टीएचपीसी हे ऑक्सिजन बांधणारं रसायन घालतात. पण भांडं कुठलं निवडतोस, यावर अजूनही खेळ आहे, कारण काही प्लॅस्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू झिरपतो आणि कडेचं जेल बहिरं होतं, डोस पडला तरी उत्तर देत नाही. काच चांगली पण फुटते आणि घनता वेगळी.

दुसरं, अ‍ॅक्रिलामाइड हे न्यूरोटॉक्सिन आहे आणि त्वचेतून जातं. पावडर वजन करताना फ्यूम हूड, ग्लोव्ह्ज, मास्क, यात सूट नाही. निपाम (त्याऐवजीचा मोनोमर) वापरलंस तर विषारीपणा बराच कमी, पहिल्यांदा करणाऱ्याने तेच घ्यावं असं माझं मत, पण ते निरुपद्रवी आहे असं समजून हाताळू नकोस.

तिसरं, आणि यावर माझा सगळ्यात जास्त जीव जातो, कॅलिब्रेशन. सगळे काय करतात, त्याच बॅचमधलं जेल छोट्या छोट्या व्हायल्समध्ये भरतात, प्रत्येकीला माहीत असलेला डोस देतात, आर-टू (एमआरआयवर मोजलेल्या टी-टू रिलॅक्सेशन टाइमचा व्यस्त) विरुद्ध डोस अशी रेघ काढतात आणि ती मोठ्या फॅन्टमला लावतात. पण छोटी व्हायल फ्रिजमध्ये पटकन गार होते, मोठा जार तासन्‌तास कोमट राहतो, आणि जेलची सेन्सिटिव्हिटी थंड होण्याच्या त्या इतिहासावर अवलंबून असते. वर बीम चालू असताना जेलचं तापमान किती होतं त्याचाही परिणाम. म्हणजे व्हायलची रेघ जारला तंतोतंत लागू पडत नाही आणि अ‍ॅब्सोल्यूट डोसमध्ये काही टक्क्यांची चूक घुसते. म्हणून मी व्हायल्सवर आकाराचा भरवसा ठेवते, म्हणजे रेघ सरळ आहे की वाकडी, आणि अ‍ॅब्सोल्यूट पातळी आयन चेंबरने एका सपाट हाय-डोस पॉइंटला मोजून त्यावर बांधते. शुद्धतावादी नाकं मुरडतात, मुरडू देत. जेल मला आकार सांगतं, चेंबर उंची सांगतो.

चौथं एमआरआय. टी-टू तापमानाला खूप संवेदनशील असतो, म्हणून जेल आदल्या रात्रीच स्कॅनर रूममध्ये नेऊन ठेवायचं, व्हायल्स आणि जार एकत्र, म्हणजे सगळं एका तापमानाला येतं. फ्रिजमधून काढून सरळ कॉइलमध्ये घातलं तर मध्यभाग गार आणि कड कोमट, आणि तो फरक तुला डोस म्हणून दिसेल. बीम दिल्यानंतर साधारण एक दिवस थांबायचं, पॉलिमरायझेशन चालूच असतं तोवर. सिक्वेन्स मल्टी-इको स्पिन इको, आणि रेडिऑलॉजीवाल्यांना आधीच सांगून ठेव की हा स्कॅन लांब चालणार आहे, वेळ त्यातच जातो. लांब स्कॅनमध्ये आरएफने (स्कॅनरच्या रेडिओ लहरींनी) जेल थोडं तापतंही. बी-वन फील्ड, म्हणजे त्याच लहरींचं, कडेला एकसारखं नसतं, हेड कॉइलमध्ये जार मध्यावर ठेवायचा आणि त्याच बॅचचा बीम न दिलेला जार तसाच स्कॅन करून बघायचा, त्यात जो काही पॅटर्न दिसेल तो स्कॅनरचा, डोसचा नाही.

एमआरआयऐवजी ऑप्टिकल सीटीही आहे, लेझर किंवा एलईडीने सगळ्या कोनांतून प्रकाश आरपार टाकायचा. पण दुधाळ जेल प्रकाश विखुरतं, त्यामुळे तिथे रंग बदलणारे डोसिमीटर जास्त बरे, प्रेसेज नावाचं पॉलियुरेथेन आहे, त्यात ल्युकोमॅलाकाइट ग्रीन डाय असते, डोस पडला की हिरवं होतं, ६३३ नॅनोमीटरला वाचतात. घन असल्याने भांडंच लागत नाही, ऑक्सिजनचीही कटकट नाही. पण अपवर्तनांक जुळणाऱ्या द्रवात बुडवून स्कॅन करायला लागतं, तो द्रव जरा जरी गढूळ असला की रिंग्ज दिसतात. आणि हो, साध्या एक्स-रे सीटीवरही पॉलिमर जेल वाचता येतं, फक्त बदल ग्रेला एक हाउन्सफील्ड युनिटच्याही आतबाहेर, म्हणजे एकाच स्लाइसच्या ढीगभर इमेजेस घेऊन अ‍ॅव्हरेज करत बसायचं.

आता तुझ्या गाइडच्या मुद्द्याला उत्तर. रोजच्या पेशंट क्यूएसाठी जेल? अजिबात नको, त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. आज बनवलं, उद्या बीम, परवा स्कॅन, पेशंट तोवर थांबणार आहे का. पण जिथे एकदाच नीट तपासायचं असतं तिथे जेलला पर्याय मला तरी दिसत नाही. एक आयसोसेंटर (मशीन ज्या बिंदूभोवती फिरतं तो) ठेवून मेंदूतल्या सात-आठ गाठी एकदम ट्रीट करतात ना, ते बघ. आयसोसेंटरपासून ६ सेमी लांबच्या गाठीला १ अंशाचं रोटेशन चुकलं की ती १ मिमीहून जास्त सरकते. डायोड १ सेमीवर असलेल्या अ‍ॅरेत त्या गाठी चक्क दोन डायोडच्या मधे बसतात. जेलचं डोकं भर, त्याचं सीटी कर, प्लॅन कर, काउचवर सीबीसीटीने (मशीनवरच्याच सीटीने) पेशंटसारखं सेटअप कर, बीम दे, एमआरआयवर बघ प्रत्येक पांढरा ठिपका हवा तिथे पडला का. सीटीपासून बीमपर्यंतची सगळी साखळी एका फोटोत येते. त्यात अ‍ॅब्सोल्यूट डोस ३ टक्के इकडेतिकडे झाला तरी जागा खोटं बोलत नाही.

लॉगफाईल_भाऊ

टीटू_मॅप ताईंशी शेवटच्या मुद्द्यावर सहमत, बाकी मी गाइडच्या बाजूने. जेलमध्ये दोन गोष्टी लोक बोलत नाहीत. एक म्हणजे कडेचं ओव्हरशूट, तीव्र ग्रेडियंटला कमी डोसच्या बाजूचे मोनोमर जास्त डोसच्या बाजूला सरकून तिथे जोडले जातात आणि कडेला डोस उगाच वाढल्यासारखा दिसतो. फ्रिकेमध्ये आयन पसरून कड बोथट होते, इथे मोनोमर सरकून कड उठून दिसते, म्हणजे पॉलिमर हलत नाही म्हणून सुटलो असं नाहीये. दोन, नॉइज. एमआरआयचं टी-टू मॅप नॉइझी असतं, आणि गॅमा काढताना जे डिस्ट्रिब्युशन शोधायच्या बाजूला असतं त्यात नॉइज असला तर आजूबाजूला कुठेतरी जुळणारी किंमत सापडतेच, म्हणजे डेटा जितका खराब तितका गॅमा छान! वर थ्रीडी गॅमात शोधायला एक दिशा जास्त, त्यामुळे तोच प्लॅन टूडीपेक्षा थ्रीडीत जास्त पास होतो. काही जेल पेपरांतल्या ९८ टक्क्यांकडे या चष्म्यातून बघा जरा.

आणि मूळ प्रश्न, प्लॅन चालवून बघताना पेशंट टेबलावर नसतो हो. फॅन्टमवर पास झालेला प्लॅन, पेशंटचं वजन कमी झालं, भलत्याच दिवसाचा प्लॅन लोड झाला, काउचची पट्टी बीममध्ये आली, यातलं काय सांगणार तुमचं जेल? अ‍ॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये छापलंय, २००५ ते २००९ मध्ये ४३३७ पेशंट्सचा ईपीआयडीने पेशंट टेबलावर असतानाच डोस मोजला, १७ गंभीर चुका सापडल्या आणि त्यातल्या ९ आधीच्या प्री-ट्रीटमेंट तपासणीत सापडल्याच नसत्या. बीम पेशंटमधून आरपार पॅनेलवर पडतो, तिथून उलट मागे हिशेब करत पेशंटमधला डोस काढतात. हा पण काढलेला डोस आहे, मोजलेला नाही, मान्य. पण तो खऱ्या पेशंटचा आहे.

टीटू_मॅप

@लॉगफाईल_भाऊ ओव्हरशूटचं खरं आहे, पण ते डोस रेट, मोनोमर आणि जेलच्या कृतीवर अवलंबून असतं, आणि कडेला एक फिल्म लावून तपासता येतं. नॉइजचा मुद्दा एकदम पटला. म्हणूनच मी जेलच्या कामात गॅमाची टक्केवारी लिहीतच नाही शक्यतो, प्रोफाइल्स एकमेकांवर टाकते आणि ५० टक्क्यांची आयसोडोस किती मिलिमीटर सरकली ते सांगते.

ईपीआयडीशी मात्र तुलनाच चुकीची आहे. त्या उलट हिशेबाचं मॉडेल बरोबर आहे हे तुम्ही कशावर तपासणार? वॉटर टँकमध्ये चेंबरने, फिल्मने, आणि गुंतागुंतीचा प्लॅन असेल तर? तिथे कुणीतरी एकदा व्हॉल्यूममध्ये मोजून दाखवलेलं असावं लागतं ना. ह्यूस्टनच्या आयरॉकचं (केंद्रांची बाहेरून तपासणी करणारी संस्था) हेड-नेक फॅन्टम आठवा, टीएलडी (छोटे डोसिमीटर) आणि फिल्म घातलेलं, निकष ७% आणि ४ मिमी इतके सैल, तरी केंद्रं नापास होतात, आणि २०१४ मध्ये त्यांनीच दाखवलं की नापास झालेल्या बहुतेकांचा तोच प्लॅन स्वतःच्या घरच्या क्यूएत पास होता. घरची तपासणी ज्या बीम मॉडेलवर उभी, त्यातलीच चूक घरी दिसत नाही. बाहेरचं आणि स्वतंत्र काहीतरी लागतंच.

बीम_ऑन

हे बरोबर, आणि त्या नापास होण्यामागे बऱ्याचदा एमएलसीचं (बीमला आकार देणाऱ्या सरकत्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे लीफ) मॉडेलिंग असतं, लीफच्या गोल टोकातून होणारी गळती, डोसिमेट्रिक लीफ गॅप (त्या गळतीसाठी मॉडेलमध्ये धरलेली फट), असलं काहीतरी. प्रत्येक प्लॅनमध्ये तीच चूक थोडी थोडी असते म्हणून डोळ्याला सवय होते. नवख्या, तुझ्याकडे पासिंग रेट कायम ९७ च्या आसपासच येतो का बघ, आणि डोसफरक कायम एकाच बाजूला झुकतो का तेही. गॅमा धन-ऋण सांगत नाही, डोसफरकाचं हिस्टोग्राम काढ.

नवखा_फिजिसिस्ट

बापरे, खूप मिळालं. मॅन्युअल उघडलं, आमचं मॉड्यूल पहिल्या जातीचं निघालं, टीपीएसच्या डोसवर दुरुस्त्या करणारं. हिस्टोग्राम पण काढले जुन्या प्लॅन्सचे, झुकतंय खरं, थोडंसं पण सगळ्यांचं कमी डोसच्याच बाजूला. आउटपुट त्या दिवशीचा घेऊनही.

टीटू_मॅप मॅडम, मग मी असं करू का, प्रोजेक्ट मल्टिपल ब्रेन मेट्सच्या (मेंदूतल्या अनेक गाठींच्या) एंड-टू-एंड तपासणीवरच घेतो, निपाम जेल, एमआरआय. सरळ प्लॅनपासूनच सुरू करू का? आणि फ्रिके पूर्ण सोडून देऊ?

टीटू_मॅप

सरळ प्लॅन नको रे बाबा. आधी जारला एकच उभा चौकोनी फील्ड दे, वरून, आणि खोलीप्रमाणे आर-टूचा ग्राफ काढून वॉटर टँकच्या पीडीडीवर ठेव. तिथेच जुळत नसेल तर पुढे प्लॅनमध्ये जे दिसेल त्यातलं काय मशीनचं आणि काय जेलचं हे कधीच सुटणार नाही. या एका जारने तुला रेघ सरळ आहे का, कड बहिरी आहे का, खाली-वर तापमानाचा फरक आहे का, सगळं एकदम कळतं. नंतर दोन-तीन छोटे फील्ड मुद्दाम माहीत असलेल्या अंतरावर देऊन बघ, ते अंतर एमआरआयवर तेवढंच येतं का. स्कॅनरचं जिओमेट्रिक डिस्टॉर्शन कडेला मिलिमीटरमध्ये असू शकतं आणि तुला मिलिमीटरच मोजायचाय, त्यामुळे हे सोडू नकोस. मग प्लॅन.

फ्रिके सोडू नकोस लगेच. झायलेनॉल ऑरेंज घातलं की आयन बरेच कमी सरकतात, बनवायला सोपं, विष नाही, आणि बीमनंतर तासाभरात स्कॅनरपर्यंत पोचणार असशील तर चालून जातं. एमआर-लिनॅकवाल्यांना (एमआरआय जोडलेलं रेडिएशन मशीन) तर ते सोयीचंच पडतं, बीम झाला की तिथल्या तिथे स्कॅन. तुझा स्कॅनर लिनॅकपासून किती लांब आहे त्यावर ठरव. सराव फ्रिकेवर कर, अंतिम मोजमाप निपामवर.

प्रोटॉनचं डोक्यात आणू नकोस मात्र, ब्रॅग पीकला (प्रोटॉन थांबतात तिथल्या डोसच्या शिखराला) जेल कमी उत्तर देतं, एलईटी (मार्गात दर अंतराला सोडलेली ऊर्जा) वाढली की रॅडिकल एकमेकांतच संपतात, तो वेगळाच संसार आहे.

लॉगफाईल_भाऊ

आणि ते कमी डोसकडे झुकणारं हिस्टोग्राम आहे ना, जेल वगैरे नंतर, ते आधी सिनियरच्या टेबलावर ठेव. काउच टीपीएसमध्ये घेतलाय का, फॅन्टमची घनता बरोबर दिलीये का, हे दोन आधी बघायचे, बऱ्याचदा तिथेच असतं. ते दोन्ही नीट असले आणि तरी झुकत असेल तर लीफ गॅपकडे बोट दाखवायचं. जुन्या प्लॅन्सच्या लॉगफाइल्स (मशीनने केलेल्या नोंदी) असतील तर मी एक्सेल शीट देतो, त्यात मोठे फील्ड आणि बारीक तुकड्यांचे फील्ड वेगळे करून बघ, गॅपची चूक असेल तर बारीक तुकड्यांवाल्यात झुकाव जास्त दिसेल.

नवखा_फिजिसिस्ट

शीट द्या भाऊ, मेसेज करतो. सिनियरना आत्ताच दाखवलं, म्हणाले उद्या सकाळी मशीनवर काउचशिवाय आणि काउचसकट चेंबर लावून मोजू, तू ये लवकर.